धुऱ्यावरचा पाय

मास्तरांच्या शिट्टीला आमगावच्या आठवडी बाजारातले बैलसुद्धा थबकत, मग माणसांचं तर विचारूच नका. भाजीच्या ढिगापुढे एखादा गडी म्हातारीला कोपरानं सारून पुढे घुसला की मागून ‘फुर्र’ आवाज यायचा आणि पाठोपाठ मास्तरांचे शांत शब्द, "फाऊल. कोपर लावला. मांगं हो." गडी नवखा असेल तर भांडायला उठायचा. गावातला असेल तर मुकाट्यानं मागे सरायचा, कारण मास्तरांशी वाद घालण्यापेक्षा वांगी दोन मिनिटं उशिरा घेतलेली बरी, हे गावाला एव्हाना कळून चुकलं होतं.

ते आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला नव्यानं लागलो होतो. माझी नेमणूक कच्ची होती. युद्धाची वर्षं होती, रॉकेलपासून वह्यांपर्यंत सगळ्याची टंचाई होती, पण मास्तरांच्या खाकी हाफपँटची इस्त्री कधी मोडली नाही. तांब्यात निखारे घालून ते ती स्वतः करत. बुटका, काटक माणूस, डोक्याला काळी टोपी आणि गळ्यात सुतळीला बांधलेली शिट्टी. अंघोळीच्या वेळी तरी ती काढता का, असं मी एकदा थट्टेनं विचारलं. ते म्हणाले, "काढतो ना जी. तवा दातात धरतो." चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते खरं होतं की माझी फिरकी घेतली होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मूळचे ते नवेगाव बांधाकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. त्याचा त्यांना अभिमान होता, पण तोही ते ड्रिलच्याच भाषेत सांगत. "आमच्या आज्यानं तलावाची पाळ बांधली, बापानं राखली. मी पोट्ट्यायच्या रांगा बांधून राहिलो. धंदा तोच होये."

फाऊल हा शब्द त्यांनी मैदानावरून उचलून अख्ख्या संसारात आणला होता. कोणी चुकीचं वागलं की ते एक बोट वर करत. चार फाऊल झाले की माणूस महिनाभर खेळाबाहेर, म्हणजे मास्तर त्याच्याशी बोलत नसत. महिना संपला की पाटी कोरी. हेडमास्तरांवर कायम तीन फाऊल असत आणि ते बिचारे चौथा होऊ नये म्हणून ड्रिलच्या तासाला हात लावायला घाबरत. एका पावसाळ्यात मास्तरांच्या बायकोचे चार भरले. महिनाभर घरात खुणांवर कारभार चालला. मी वहिनींना विचारलं, "त्रास झाला असेल?" त्या म्हणाल्या, "कायचा त्रास? असा सुखाचा महिना लग्नापासून भेटला नव्हता. येत्या साली आणखी चार करीन."

मास्तरांच्या डोक्यात बास्केटबॉल शिरला तो एका उन्हाळी वर्गात. ड्रिल शिकवणाऱ्यांसाठी नागपूरला सहा आठवड्यांचा वर्ग होता. शेवटचे दोन दिवस हा नवा खेळ दाखवणार होते. पहिल्या दिवशी मास्तरांनी तो डोळे भरून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना हिवताप चढला. येताना एक चामड्याचा चेंडू आणि नियमांचं एक बारकं पुस्तक एवढं घेऊन ते परतले. म्हणजे अर्धा खेळ त्यांच्या डोक्यात होता आणि अर्धा पुस्तकात होता. आणि पुस्तक इंग्रजीत होतं. मास्तरांना इंग्रजी अक्षरं लावता येत, पण वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात हातची निसटायची.

शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मैदान आखलं. ती जागा तलावाच्या पाटाला लागून होती, माती काळी आणि मऊ. दोन उन्हाळे त्यांनी ती मुरूम घालून, पाणी मारून, स्वतः धुम्मस घेऊन ठोकली. दोन टोकांना सागाचे दोन खांब पुरले, त्यांवर दहा फुटांवर फळ्या ठोकल्या. सुकराम लोहारानं बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापून दोन गोल कडी केली, बरोबर अठरा इंच. जाळीचं काम डोमाकडे गेलं. डोमा तलावावर मासे धरणारा, गावातला सगळ्यात उंच माणूस. त्यानं दोन दिवसांत सुंदर जाळ्या विणून आणल्या, पण दोन्हींना बुड होतं.

"चेंडू आत अडकेल ना डोमा," मास्तर म्हणाले.

"अडकनारच. जाळं कायले असते मंग?"

"याले बुड नको. चेंडू खाली पडला पायजे."

डोमा दुखावला. "बिनबुडाचं जाळं माह्या हातानं होनार नाही मास्तर. बापानं शिकवलं नाही." शेवटी मास्तरांनीच कात्री घेतली. डोमा तेवढा वेळ पाठ करून उभा राहिला. पुढे गावातल्या एका म्हाताऱ्यानं मास्तरांना छेडलं की बुड नाही त्या टोपलीत काय राहते? मास्तर म्हणाले, "काहीच नाही राहात. म्हनून तं खेळ चालते."

चेंडूची त्यांनी लेकरासारखी काळजी घेतली. चामडं कडक होऊ नये म्हणून मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळायचे. त्यामुळे चेंडू हातातून निसटायचा आणि वासानं गावची कुत्री मैदानावर गोळा व्हायची. पहिलं वर्षभर आम्ही पाच माणसं आणि चार कुत्री असेच खेळलो.

हो, आम्ही. शाळेतली पोरं लहान, त्यांचा चेंडू कड्यापर्यंत पोचेना. तेव्हा पोरांनी पाहून शिकावं म्हणून मास्तरांनी मोठ्या माणसांचा संघ केला. मध्यभागी डोमा, मागे राखणीला सुकराम लोहार आणि पोस्टातला डाकबाबू, पुढे डावीकडे किराणा दुकानातला धाकटा शेठ आणि उजवीकडे मी. मला का घेतलं, असं विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "तुमाले पळता येत नाही हे मले माहीत हाये. पन तुमी एका जागी उभे राहून नेम चांगला धरता. शाळेत खडू मारता ते पाह्यलं मी."

कोणी कुठे उभं राहायचं हे त्यांनी फळ्यावर तलाव काढून शिकवलं. असा धडा मी पुन्हा कुठे ऐकला नाही. मागचे दोघे गार्ड, ती तलावाची पाळ. "पाळ धावत नाही. पाळ फुटली का तलाव गेला. आपल्या टोपलीकडं कोनाले येऊ देऊ नका." मधला सेंटर, ते तुडूम, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं तोंड. "सगळं पानी याच्यातून जाते, पन हे सोताजवळ थेंब ठेवत नाही. समजलं का डोमा? चेंडू धरून बसू नको." आणि पुढचे दोघे फॉरवर्ड, त्या पाटाच्या शेवटच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. "शेवटच्या बांधीत पानी पोचलं तवाच वाटप खरं झालं. शेवटची बांधी कोरडी तं वरच्यायनं चोरी केली."

खेळात सुरुवातीला मध्यभागी चेंडू वर उडवत, दोघे सेंटर उड्या मारत, तिथून लढाई. चेंडू हातात धरून पळायचं नाही, आपटत न्यायचा. एकदा दोन्ही हातांनी धरला की पुन्हा आपटायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. सुकरामला हे पटायला महिना लागला. "माह्या हातात हाये तं मी कायले देऊ?" तो विचारायचा आणि मास्तर म्हणायचे, "पानी तुह्या बांधीत थांबवलं तं खालच्याचं धान वाळते, म्हनून." टोपली पडली की दोन गुण. फाऊल झाला की समोरच्याला निवांत उभं राहून टाकायला मिळायचं, त्याचा एक. कड्याखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. मी तिथे रेंगाळलो की मास्तर ओरडायचे, "सासुरवाडीत जावई आन टोपलीखाली फॉरवर्ड, जास्त थांबला का किंमत गेली!"

हे सगळे नियम पुस्तकातून त्यांना मीच वाचून दाखवले. दुपारी शाळा सुटली की ते व्हरांड्यात वही घेऊन बसत. मी वाक्य वाचून मराठीत सांगायचो, ते लिहून घेत. सीमारेषेचा नियम आला तो शनिवार होता. मला तिरोड्याला घरी जायची गाडी पकडायची होती आणि माझं निम्मं लक्ष इंजिनाच्या शिट्टीकडे होतं. मैदानाला चारी बाजूंनी रेषा असावी, रेषेबाहेर गेलेला खेळाडू बाद, एवढं पानाच्या तळाशी होतं. मी ते सांगितलं.

मास्तरांनी लिहिलं, "धुरा." मग पेन्सिल थांबली. "आन पाय धुऱ्यावरच पडला तं? आत ना बाहेर?"

आता धुरा म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. दोन शेतांमधला तो मातीचा बांध. तो निम्मा याचा, निम्मा त्याचा, आणि त्याच्यावरून चालायचा हक्क सगळ्यांचा. धुरा कोरला म्हणून डोकी फुटतात, पण धुऱ्यावरून चाललास म्हणून कोणी कोणाला अडवत नाही. मी धानाच्या बांध्यांत वाढलेलो. मी पुस्तकाकडे पाहिलंही नाही.

"धुरा दोघायचा राह्यते मास्तर. धुऱ्यावरून चालाले कोन मना करते?"

त्यांना ते एकदम पटलं. त्यांच्या आज्यापासून हेच चालत आलेलं. त्यांनी वहीत लिहिलं, ‘धुरा आत.’ मी पुस्तक मिटलं, पिशवी उचलली आणि स्टेशनकडे धावलो. पान उलटायचं राहून गेलं.

पुढची दोन वर्षं आमचा संघ चुन्याच्या रेषेवर नुसता चालला नाही, तर तिच्यावरून खेळला. कोपऱ्यात रेषेवर उभं राहून टोपली टाकायची ही माझी खास जागा झाली. खेळायला दुसरा संघच नसल्यामुळे आम्हाला सांगणारंही कोणी नव्हतं.

मग युद्धामुळे वरून हुकूम आला की जिथे मोकळी जमीन असेल तिथे धान्य पिकवा. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष मोठे धानाचे व्यापारी होते. त्यांनी शाळेभोवती एक फेरी मारली आणि त्यांची नजर पाटाला लागून असलेल्या मास्तरांच्या मैदानावर पडली. पुढचं अंगण खडकाळ, त्याच्यात काही पिकणार नाही असं त्यांचं म्हणणं. मास्तर त्यांच्यापुढे अर्धा तास उभे राहिले. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढचं अंगण मी सोता खोदून देतो, गाळ आणून टाकतो, पण हे राहू द्या, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी अध्यक्ष हसले.

"ठीक आहे. गोंदियाच्या रेल्वेवाल्यांचा संघ आहे म्हणतात या खेळाचा. त्यांना हरवून दाखवा. गावाला पाहू द्या की या टोपल्यांचा काही उपयोग आहे. जिंकलात तर मैदान तुमचं, मी पुढचं अंगण नांगरतो. हरलात तर येत्या पावसाळ्यात इथे धान लागेल. मंजूर?"

"मंजूर," मास्तर म्हणाले. त्या दिवसापासून सामन्यापर्यंत ते कोणावरही बोट वर करायचे विसरून गेले. हेडमास्तर खुश होते, पण मला ते काही बरं लक्षण वाटेना.

पौषात, धानाची मळणी आटपल्यावर, रेल्वेवाले दुपारच्या पॅसेंजरनं आले. पायात रबरी बूट, अंगात एकसारखे बनियन. आम्ही अनवाणी. त्यांचा कप्तान एक तरुण तिकीटबाबू होता, बोलायला फार गोड. पंच कोण, असा प्रश्न निघाला. दोन्ही बाजूंना चालेल असा जाणकार कुठून आणायचा? तिकीटबाबूनंच सांगितलं, "मास्टरजी का नाम हमने सुना है. वो सीटी बजाएँ तो हमें मंजूर."

गाव लोटलं होतं. अध्यक्ष खुर्चीवर बसले होते. पहिल्या डावात आम्ही चक्क पुढे होतो. डोमा उडी मारायचा तेव्हा रेल्वेवाले नुसते वर पाहायचे. सुकरामची पाळ फुटली नाही, आणि कोपऱ्यातून मी दोन टोपल्या टाकल्या. अर्धा वेळ झाला तेव्हा तिकीटबाबू मास्तरांकडे आला.

"मास्टरजी, एक बात बोलूँ, बुरा मत मानिए. आपके खिलाड़ी का पाँव लाइन पर पड़ता है और आप सीटी नहीं बजाते."

"लाइन पर पड़ता है," मास्तर म्हणाले. "बाहर कहाँ पड़ता है?"

"लाइन तो बाहर ही होती है मास्टरजी."

मास्तरांनी खिशातून ते बारकं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. "वाचा."

मी ते पान काढलं. तळाची ओळ वाचली. मग पान उलटलं. तिथे वरच, पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की रेषा स्वतः बाहेर धरावी आणि रेषेला पाय लागलेला खेळाडू बाहेर समजावा. मी ते मोठ्यानं वाचलं, इंग्रजीत आणि मग मराठीत. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. उन्हात ड्रिलला उभ्या असलेल्या पोराला भोवळ तर येत नाही ना, हे पाहावं तसं त्यांनी पाहिलं आणि पुस्तक परत खिशात ठेवलं.

मग त्यांनी आम्हा पाचांना जवळ बोलावलं. "आतापासून धुरा बाहेर. चुन्याले पाय लागला का मी शिट्टी मारीन."

"असं कसं?" सुकराम उसळला. "दोन वर्सं आत होता, आज बाहेर गेला?"

"दोन वर्सं चुकलो. आता नाही चुकाचं."

कडेला बसलेला एक शेतकरी ओरडला, "धुरा बाहेर तं मानसानं चालावं कुठून मास्तर?" सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

दोन वर्षांची पायांची सवय दहा मिनिटांत जात नाही. दुसऱ्या डावात शेठचा पाय तीनदा चुन्यावर पडला, डाकबाबूचा दोनदा, आणि दर वेळी शिट्टी वाजली. रेल्वेवाले हळूहळू पुढे सरकले. शेवटी एक मिनिट राहिलं तेव्हा ते अठरा, आम्ही सतरा. एक टोपली पडली की मैदान वाचणार होतं.

सुकरामनं चेंडू अडवला, डोमाकडे दिला. डोमानं एक क्षणही न ठेवता तो माझ्याकडे फेकला. मी माझ्या कोपऱ्यात होतो. चेंडू झेलताना मी एक पाऊल मागे गेलो आणि टाचेखाली चुन्याचा भुसभुशीत गारवा लागला. मला कळलं. खोटं कशाला सांगू? मला त्याच क्षणी कळलं की मी रेषेवर आहे. पण समोर कडं मोकळं होतं आणि मास्तर माझ्यापासून लांब, डोमाच्या मागे होते. त्यांना दिसलं नसेल, असं मी मनाशी म्हटलं आणि चेंडू टाकला. तो कड्याला न लागता आत गेला. गावानं आरडाओरडा केला, टोप्या उडाल्या.

त्या आरडाओरड्यात शिट्टी कोणाला ऐकू आली नाही. मास्तरांनी ती दुसऱ्यांदा वाजवली, मग तिसऱ्यांदा, आणि ते चालत माझ्याजवळ आले. खाली वाकून त्यांनी माझ्या टाचेकडे बोट दाखवलं. टाच पांढरी होती.

"बाहेर. टोपली नाही. चेंडू त्यायचा."

मग काय झालं ते सांगण्यासारखं नाही. रेल्वेवाले जिंकले. अध्यक्ष धोतर झटकून उठले. सुकराम मैदानातच बसला आणि म्हणाला, "घरच्यानंच घर बुडवलं." लोकांनी मास्तरांना काय काय म्हटलं! गोंदियावाल्यांशी आतून मिळालेला आहे इथपर्यंत गेले. ते शांतपणे जाळ्या सोडवत होते, कारण जाळ्या डोमाच्या होत्या आणि दव पडलं की कुजतात.

दोन दिवसांनी कमिटीची बैठक झाली. आम्हा मास्तरांनाही बसवलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "हरलात ते हरलात. पण दोन वर्षं तुम्ही लोकांना चुकीचा नियम शिकवलात? पुस्तक कोणी वाचलं होतं?"

सहा महिन्यांनी माझी नेमणूक पक्की व्हायची होती. तोंड उघडायचं, हे मी घरून ठरवून आलो होतो.

"मीच वाचलं जी," मास्तर म्हणाले. "माहं इंग्रजी कच्चं."

"अहो, मग शेजारी इंग्रजीचे मास्तर बसलेत. त्यांना विचारायचं!"

"इचारलं असतं तं बरं झालं असतं."

सगळे हसले. ज्या माणसानं मैदान जाईल हे माहीत असूनही स्वतःच्या संघाविरुद्ध शिट्टी वाजवली, तो माणूस माझ्यादेखत सरळ खोटं बोलला. आणि मी गप्प बसलो.

अध्यक्षांनी मैदान नांगरायचं ठरवलं. "तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे," ते मास्तरांना म्हणाले, "तेव्हा शाळेच्या शेतीची देखरेख तुमच्याकडेच." मास्तर म्हणाले, "हो जी."

त्यांनी ती देखरेखही नेमानं केली. दोन वर्षं ठोकून घट्ट केलेली जमीन नांगराला दाद देईना, तेव्हा त्यांनी स्वतः कुदळ घेतली. एक खांब निघाला. दुसरा इतका पक्का पुरला होता की बैल लावूनही हलला नाही, म्हणून तो तसाच राहिला. मास्तरांनी पाटाचं पाणी घेतलं, चिखल केला आणि भोवती धुरे घातले. आषाढात रोवणा लागला तेव्हा मी एका दुपारी तिथे गेलो.

माझी नेमणूक त्याआधी आठ दिवस पक्की झाली होती. कबुलीसुद्धा मी नोकरी पक्की झाल्यावरच द्यायला गेलो, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. आज सांगतो, कारण तिच्याशिवाय मास्तरांची गोष्ट पुरी होत नाही.

बाया ओळीनं वाकून धान रोवत होत्या. मास्तर गुडघाभर चिखलात उभे राहून रोपांच्या पेंढ्या त्यांच्याकडे फेकत होते. दर पेंढी जिच्या तिच्या हाताशीच पडत होती. मी धुऱ्यावर उभा राहिलो.

"मास्तर, ते पान मी उलटलं नव्हतं."

"माहीत हाये."

"मंग कमिटीत तुमी तसं काऊन सांगितलं?"

"ड्रिल मास्तराले इंग्रजी आलं नाही तं लोक हासतेत," ते एक पेंढी फेकत म्हणाले. "इंग्रजीच्या मास्तराले आलं नाही तं काढतेत."

"पन चूक माही होती. मैदान माह्यामुळे गेलं."

तेव्हा ते थांबले. कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"तुमाले अजून खेळ समजला नाही. चेंडू बाहेर गेला का पंच काय पाहाते? पयल्यांदा कोनं फेकला हे पाहात नाही. बाहेर जायाच्या आंधी शेवटचा हात कोनाचा लागला, ते पाहाते. तुमी एक दिवस एक गोष्ट सांगितली आन गाडीले पळाले. दोन वर्सं पाच मानसायले ते शिकवलं कोनं? पान उलटून पाह्यलं नाही कोनं? शेवटचा हात माहा होता, मास्तर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. बाया पेंढ्यांसाठी थांबल्या होत्या. मास्तरांनी ढिगातली एक उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि फेकली. ती छातीशी आली. मी झेलली, चपला धुऱ्यावर काढल्या आणि खाली चिखलात उतरलो.